भांगेत तुळस

लखनौच्या गोमतीनगरात एका परिचितांच्या घरी जेवणे झाली आणि यजमानांनी बडीशेपेच्या वाटीशेजारी एक डबी आणून ठेवली. गडद हिरवा पत्रा, झाकणावर सोनेरी पान, आत तीस मऊ गोळ्या. डबीवर 'स्मॉल बॅच' आणि 'हँडक्राफ्टेड' हे शब्द नागमोडी अक्षरांत छापलेले. किंमत सतराशे रुपये. "नशा नहीं है, वेलनेस है," यजमान म्हणाले. ते निवृत्त सरकारी अधिकारी, घरात दारूला मज्जाव. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांकडून फोनवरच पाच मिनिटांत चिठ्ठी मिळाली होती. मी डबी उलटी केली. खाली बारीक अक्षरांत घटक लिहिला होता : विजया पत्र. म्हणजे भांगेचे पान. त्याखाली उत्पादक म्हणून एका राज्यातल्या औषध कारखान्याचे नाव आणि विक्रेता म्हणून दुसऱ्याच शहरातल्या कंपनीचे. कोणाच्या हातांनी काय घडवले, पान कोणाच्या शेतातून आले, हे डबीवर कुठेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी चौकात गेलो. गोल दरवाजाच्या परिसरात ठंडाईची जुनी दुकाने आहेत. बदाम, बडीशेप, मिरी, मगज, गुलाबपाकळ्या वाटून दुधात घोटतात. कोणाला साधी, कोणाला भांगेची. शहरात सरकारी परवान्याची भांगेची दुकानेही आहेत. पत्र्याची पाटी, जाळीची खिडकी, आत एक माणूस. भांग किती भिजवायची, किती पाण्यांनी धुवायची, किती बारीक वाटायची, नवख्याला केवढी गोळी द्यायची आणि कोणाला द्यायचीच नाही, हे या धंद्यातल्या जुन्या माणसाला ठाऊक असते. घाणा लहान, हात त्याचा, माल रोजचा ताजा. 'स्मॉल बॅच, हँडक्राफ्टेड' या शब्दांचा सरळ अर्थ घ्यायचा तर तो त्या खिडकीत बसलेला होता. पण त्याच्या गोळ्याला डबी नाही आणि त्याला 'संस्थापक' म्हणणारे कोणी नाही. आमचे यजमान त्या खिडकीसमोर उभे दिसले असते, तर संध्याकाळपर्यंत कॉलनीभर बातमी झाली असती.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. आपल्या देशात भांगेचा जो नवा, देखणा, सभ्य व्यापार उभा राहतो आहे, त्याने या रोपाची बदनामी पुसलेली नाही. बदनामी जिथल्या तिथे आहे. तिच्यातून काही विक्रेते आणि काही ग्राहक तेवढे वगळले गेले आहेत. ज्यांना ही सूट मिळाली त्यांनी ती इतरांसाठीही मागावी. ते जमत नसेल तर 'क्राफ्ट' हा शब्द डबीवरून उतरवावा.

मराठीत या रोपावरून दोन म्हणी सांगतात. चांगल्या घरात वाईट माणूस निपजला की 'तुळशीत भांग', आणि वाईट घरात चांगला निपजला की 'भांगेत तुळस'. दोन्हींत रोपाच्या गुणांबद्दल एक शब्द नाही. दोन्हींत प्रश्न कुळाचा आहे : कोण कोणाच्या अंगणात उगवले? गढवाल-कुमाऊँकडे तर 'तुझ्या घरात भांग उगवो' ही शिवी आहे, कारण भांग उगवते ती ओस पडलेल्या घरात. त्याच डोंगरात भांगेच्या बियांची चटणी रोजच्या जेवणात असते आणि तिच्या सालीच्या धाग्याचे जाडेभरडे कापड पिढ्यान्‌पिढ्या विणले गेले. रोप उपयोगी आहे हे सगळ्यांना माहीत होते. ते कोणाचे, यावर त्याची किंमत ठरत होती. नव्या ब्रँडांनी ही म्हण मोडलेली नाही. भांगेच्या ढिगातून एक तुळस त्यांनी निवडून काढली आहे, आणि उरलेल्या ढिगाला भांगच म्हणत राहिले आहेत.

कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण हा सगळा व्यापार कायद्याच्या एका चिरेवर उभा आहे. अमली पदार्थांचा आपला कायदा १९८५चा. त्याने एका रोपाचे तुकडे केले. राळ म्हणजे चरस, तिला बंदी. फुलांचे आणि फळांचे शेंडे म्हणजे गांजा, त्याला बंदी. पान आणि बी शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. ही फट अपघाताने राहिलेली नाही. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारातही पान वगळलेले आहे, आणि होळी-शिवरात्रीला भांग पिणाऱ्या देशात पानावर बंदी घालणे कोणत्याही सरकारला परवडणारे नव्हते. पान राज्यांच्या हवाली झाले. उत्तर प्रदेशाने ते उत्पादन शुल्क खात्याकडे दिले. २०२५च्या मार्चमध्ये त्या राज्यात देशी दारूच्या दुकानांबरोबर भांगेच्या दुकानांचीही ऑनलाइन सोडत निघाली. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यात भांगही मादक द्रव्यांत मोडते आणि परवान्याशिवाय जवळ बाळगणे हा गुन्हा आहे.

आता लखनौहून मुंबईला येणारी पुष्पक एक्सप्रेस डोळ्यांपुढे आणा. कानपूर, झाशी, भोपाळ, इटारसी, खांडवा, भुसावळ. एका प्रवाशाच्या पिशवीत चौकातला भांगेचा गोळा आहे, दुसऱ्याच्या बॅगेत ती हिरवी डबी. उत्तर प्रदेशात गोळा सरकारी दुकानातून घेतलेला आहे. मध्य प्रदेशातही परवान्याची भांगेची दुकाने आहेत. बऱ्हाणपूर मागे पडून गाडी रावेरच्या बाजूला महाराष्ट्रात शिरली की गोळेवाला प्रवासी गुन्हेगार होतो. डबीवाला मात्र तसाच पुढे जातो, कारण त्याच्याकडे चिठ्ठी आहे आणि त्याच्या डबीत औषध आहे. पान दोघांकडे तेच.

औषध कसे? औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांत विषारी आयुर्वेदिक द्रव्यांची एक यादी आहे, अनुसूची ई(१). तिच्यात भांग आहे. ती वापरून आयुर्वेदिक औषध करता येते, राज्याच्या आयुष खात्याकडून परवाना मिळतो, आणि डबीवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा छापावा लागतो. हा मार्ग वैध आहे आणि माझी त्यावर तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. याच मार्गाने उत्तरेत वर्षानुवर्षे आणखी एक वस्तू बनते : 'मुनक्का' नावाची, मनुका आणि भांगेची काळी गोळी. पानाच्या टपरीवर दोन-पाच रुपयांना एक मिळते. ओझी उचलणारे, रिक्षा ओढणारे, रात्रपाळीचे लोक ती खातात. तिच्याही पुडीवर आयुर्वेदाचे नाव असते. राज्याराज्यांतले पोलीस टपऱ्यांवर छापे घालतात, गोण्या जप्त करतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत 'नशेच्या गोळ्यांचा साठा पकडला' अशी बातमी येते. छापा चूकच असतो असे मी म्हणत नाही; मुलांना सर्रास विकल्या जाणाऱ्या गोळ्या थांबवल्याच पाहिजेत. पण हिरव्या डबीची बातमी अर्थविषयक पानावर येते आणि काळ्या गोळीची गुन्हेवृत्तात, तेव्हा या दोन बातम्यांमधला फरक औषधशास्त्राने केलेला नसतो. तो फरक डबीच्या पत्र्याचा आहे, आणि ती कोणाच्या टेबलावर ठेवली जाते याचा.

आता 'क्राफ्ट' या शब्दाकडे येऊ. हा शब्द अमेरिकेतून आला. तिथे छोट्या भट्ट्यांची बिअर मोठ्या कंपन्यांच्या बिअरविरुद्ध उभी राहिली तेव्हा तो रुळला, आणि गांजाच्या विक्रीला राज्याराज्यांत मुभा मिळाल्यावर गांजालाही चिकटला. त्या शब्दाला तिथे एक इतिहास आहे. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडच्या हम्बोल्ट, मेंडोसिनो, ट्रिनिटी या डोंगराळ भागांतल्या लोकांनी बंदीच्या काळात चोरून शेती केली, छापे सोसले, वाण टिकवले. २०१८मध्ये दुकाने खुली झाल्यावर त्यांच्यातले काही 'आम्ही क्राफ्टवाले' म्हणून पुढे आले. मोठ्या भांडवलाने त्यांना कसे चेपले ही वेगळी गोष्ट आहे, पण निदान शब्द वापरणारे हात मातीतले होते.

आपल्याकडे ते हात कोणाचे होते? १८९३ साली ब्रिटिश सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. सात सदस्य, त्यांतले तीन भारतीय. अकराशेहून अधिक साक्षी. १८९४मध्ये अनेक खंडांचा अहवाल. माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही, सरसकट बंदी समर्थनीय नाही, परवाने आणि कर यांनी नियंत्रण ठेवावे, असा त्याचा सूर होता. लोक या अहवालाचा निष्कर्ष सांगतात. मला त्यातला शेतीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पुष्पक एक्सप्रेस ज्या खांडव्यावरून येते तिथे मध्य प्रांताची परवान्याची गांजाशेती होती. मुंबई इलाख्यात ती मुख्यत्वे अहमदनगरकडे, आजच्या अहिल्यानगरकडे. बंगालमध्ये राजशाहीच्या नौगावात, जे आता बांगलादेशात आहे. नौगावात 'पोद्दार' नावाचे जाणकार असत. इंग्रजी कागदांत त्यांना चक्क 'गांजा डॉक्टर' म्हटले आहे. शेतात फिरून ते कोवळ्या रोपांतली नर रोपे ओळखत आणि उपटवत. कारण नराचा पराग मादीवर पडला की शेंड्यात बी धरते आणि गांजा हलका होतो. शेकडो रोपांतून फुलण्याआधीच नर ओळखणे ही नजर पुस्तकातून येत नाही. आज परदेशातले महागडे ब्रँड 'बिनबियांचे फूल' म्हणून जी गोष्ट मिरवतात ती हीच विद्या. नौगावच्या शेतकऱ्यांनी १९१७मध्ये स्वतःची सहकारी संस्थाही काढली होती. म्हणजे परवाना, कौशल्य आणि सहकार ही तिन्ही या उपखंडात शंभर वर्षांपूर्वी एका जागी होती. त्यांना 'क्राफ्ट' म्हणायला कोणी नव्हते, कारण शेतकऱ्याच्या कौशल्याला आपण कसब म्हणतो, आणि कसबी माणसाला दाराबाहेर बसवतो.

ती विद्या गेली कुठे? तिच्यावर कलम लागले. १९८५च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय हे रोप लावले तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वीस किलोंपेक्षा जास्त गांजा सापडला तर तो 'व्यावसायिक प्रमाणा'त जातो : किमान दहा वर्षे, कमाल वीस, आणि जामीन मिळणे जवळजवळ अशक्य. धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर तालुक्यात आदिवासी कसत असलेल्या वनजमिनींवर गांजाची शेती सापडल्याच्या बातम्या हंगामाहंगामाला येतात. कापसात किंवा तुरीत लावलेली रोपे पोलीस उपटतात. अशा पंचनाम्यांत ओली झाडे मुळासकट, खोडापानांसकट तोलली जातात आणि आकडा क्विंटलांत जातो. कायद्याच्या व्याख्येत पान आणि बी गांजा नाही, हे बचावाचे वकील न्यायालयांत पुन्हा पुन्हा मांडतात. पण तो मुद्दा ऐकला जाईपर्यंत माणूस तुरुंगात असतो आणि त्याची जमीन पडीक. लखनौच्या डबीत जे पान 'विजया' आहे, ते शिरपूरच्या तराजूत वजन वाढवणारा पुरावा आहे.

आणि कायद्याने मागायला गेले तर? २०२१च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. कोणत्याही पिकाला भाव मिळत नाही, उसाची बिले थकतात, शेती तोट्यात आहे; तेव्हा आपल्या दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्यावी. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आले नाही तर परवानगी आहे असे समजून लागवड करू, असेही त्यात होते. अर्ज पोलिसांकडे पाठवला गेला आणि पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. हसण्यावारी नेलेला हा अर्ज मला मराठीतल्या अलीकडच्या राजकीय लेखनातला एक नेमका कागद वाटतो. राज्याला जे विचारायचे ते त्याने सभ्य भाषेत, नमुन्यात, मुदत घालून विचारले होते. ज्या वर्षी त्याची थट्टा झाली त्याच वर्षी, २०२१च्या नोव्हेंबरमध्ये, देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेचे बी, बियांचे तेल आणि बियांचे पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. मादक द्रव्याची मर्यादा बियांत किलोला पाच मिलिग्रॅम, तेलात दहा. नव्या कंपन्यांना दार उघडले. मोहोळच्या अर्जदाराला त्या दारातून आत कसे यायचे हे सांगायला कोणी गेले नाही.

यावर ब्रँडवाल्यांची बाजू आहे, आणि ती पोकळ नाही. ते म्हणतात : आम्ही नसतो तर कायदा इंचभरही हलला नसता. हे बऱ्याच अंशी खरे आहे. मुंबईत २०१३मध्ये काही तरुणांनी बॉम्बे हेम्प कंपनी काढली, रतन टाटांसारख्यांनी तिच्यात पैसे घातले, आणि २०१७मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेला त्या कंपनीच्या सहकार्याने संशोधनासाठी भांग लावण्याचा देशातला पहिला परवाना मिळाला. कायद्यातले जे कलम धागा आणि बी यांसाठी लागवडीची मुभा देते ते १९८५पासून पुस्तकात होते. त्याचा वापर करायला सरकारांना भाग पाडले ते अशा लोकांनी. उत्तराखंडाने २०१८मध्ये पौडी गढवालमध्ये औद्योगिक भांगेचा परवाना दिला. आमच्या डबीवर मात्रा लिहिलेली असते, प्रयोगशाळेचा दाखला असतो. टपरीवरच्या गोळीत काय आहे ते कोणाला माहीत? हेही त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मी आजारी माणसाला मुनक्का सुचवणार नाही.

पण या उत्तरातच त्यांची जबाबदारी लिहिलेली आहे. तुमच्या खटपटीने दार उघडत असेल, तर ते किती रुंद उघडायचे यावर तुमचे म्हणणे काय? उत्तराखंडात मादक द्रव्याची मर्यादा ०.३ टक्के आहे. डोंगरात आपोआप उगवणारे रोप ती पाळतेच असे नाही. मग मर्यादेतले बी आणायचे, रोपांची तपासणी करून घ्यायची, परवान्याचे कागद सांभाळायचे. हे कंपनीला जमते. चार नाळी जमिनीत चटणीपुरती भांग असणाऱ्या बाईला जमत नाही. म्हणजे जिच्या परसात हे रोप पिढ्यान्‌पिढ्या होते तिचेच रोप बेकायदा, आणि बाहेरून आलेले प्रमाणित. तिला कोणत्या कंपनीने आपल्या भागीदारांत बसवले आहे? डबीवर 'हिमालयातून' असे लिहायला हिमालय चालतो. हिमालयातल्या बाईचे नाव डबीवर का चालत नाही?

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येईल : म्हणजे तुम्हाला सगळ्यांच्या हाती गांजा द्यायचा आहे काय? नाही. केंद्र सरकारने एम्सकडून करवून घेतलेल्या २०१९च्या पाहणीनुसार देशात वर्षभरात भांग-गांजा-चरस यांपैकी काही घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख लोक होते, आणि त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना या सवयीसाठी मदतीची गरज होती. हा आकडा कोणाही ब्रँडच्या पत्रकात नसतो. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्याच्या डोक्यावर काय परिणाम होतो ते मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात जाऊन पाहावे. म्हणूनच तर 'वेलनेस' या शब्दाला माझा विरोध आहे. जी वस्तू नियमांच्या यादीत विषारी द्रव्यांत आहे, जिच्यावर देखरेखीचा इशारा सक्तीचा आहे, ती जेवणानंतरच्या बडीशेपेसारखी फिरवली जाते, तेव्हा बेजबाबदार कोण? टपरीवाला निदान ती नशा म्हणून विकतो. आमच्या यजमानांना ती नशा आहे हेच सांगितले गेले नव्हते. झोप येते म्हणजे काय होते, हा प्रश्न त्यांच्या मनातही आला नव्हता. गरिबाची नशा ही नशा आणि श्रीमंताची नशा ही झोप, असा शब्दकोश आपण तयार करतो आहोत.

इथे आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांचा संबंध येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. डबीवरची भाषा आकाशातून पडत नाही. 'मातीशी नाते', 'हरवलेले शहाणपण', 'आजीचा बटवा' हे शब्द कोणीतरी पैसे घेऊन लिहिते, आणि बहुधा कविता वाचणारे कोणीतरी लिहिते. ज्या आजीचा बटवा म्हणतात तिच्या बटव्यात भांग होती की नाही, आणि असली तर तिच्या जातीच्या बाईला ती बाळगल्याबद्दल काय ऐकून घ्यावे लागे, हे त्या लेबलात मावत नाही. 'गंजडी', 'भंगड' हे मराठीतले शब्द कोणाला उद्देशून वापरले जातात ते आठवा : देवळाबाहेरचा बैरागी, हमाल, कामाच्या शोधात शहरात आलेला पोरगा. डबी घेणाऱ्या अधिकाऱ्याला मराठीत किंवा हिंदीत 'भंगड' कोणी म्हणत नाही. त्याच्यासाठी इंग्रजी शब्द आयात केला आहे : 'कन्झ्युमर'.

बाहेर यापेक्षा बरे कुठे झाले आहे काय? पुरते कुठेच नाही, पण मोजमाप तरी आहे. कॅनडाने २०१८च्या ऑक्टोबरमध्ये गांजा कायदेशीर केला तेव्हा छोट्या उत्पादकासाठी वेगळा परवाना ठेवला आणि 'छोटा' म्हणजे किती ते लिहून ठेवले : सुरुवातीला लागवडीचे क्षेत्र दोनशे चौरस मीटर. न्यूयॉर्क राज्याने २०२१चा कायदा करताना गांजावरच्या कराच्या उत्पन्नातला ४० टक्के वाटा बंदीने सर्वाधिक पोळलेल्या वस्त्यांसाठी राखला, आणि किरकोळ दुकानांचे पहिले परवाने ज्यांना गांजाच्या खटल्यांत शिक्षा झाली त्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना देण्याचे ठरवले. अंमलबजावणी रखडली, कज्जे झाले. पण तत्त्व कायद्यात उतरले : ज्यांनी बंदीची किंमत मोजली, व्यापाराचा पहिला घास त्यांचा. आपल्या देशाने २०२०च्या डिसेंबरमध्ये व्हिएन्नात, संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात, गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने मत दिले. ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. म्हणजे आपले मत मोलाचे होते. व्हिएन्नात जो उदारपणा दाखवला तो शिरपूरला पोचवायला काय हरकत आहे?

तेव्हा मागण्या साध्या आहेत. 'स्मॉल बॅच' लिहायचे असेल तर बॅच किती किलोची, पान कोणत्या जिल्ह्यातले, लावले कोणी, वाटले कोणी, हे डबीवर लिहावे. नाही तर तो शब्द फसवणूक समजावा. एका पानाला एकच नियम असावा : मात्रा, इशारा, वयाची अट हिरव्या डबीला जशी, तशीच काळ्या गोळीला आणि जाळीच्या खिडकीला, आणि छापा पडायचा तर तिन्ही ठिकाणी सारख्याच कारणाने. जिथे लागवडीचे परवाने दिले जातील तिथे पहिला हक्क त्या भागातल्या अल्पभूधारकांच्या आणि आदिवासींच्या सहकारी संस्थांचा असावा. महाराष्ट्राला सहकार शिकवावा लागत नाही. त्याचे गुण आणि दुर्गुण आपल्याला दोन्ही पाठ आहेत. चार गुंठ्यांत रोपे लावणाऱ्याला आणि त्याच्याकडून माल उचलून शहरात पोचवणाऱ्या टोळीला एकाच तराजूत तोलणे थांबवावे. आणि ज्या कंपन्या सरकारदरबारी धोरणांसाठी खेटे घालतात, त्यांनी आपल्या निवेदनात एक परिच्छेद तुरुंगातल्या शेतकऱ्यासाठी लिहावा. त्याला त्यांचा एक पैसाही लागत नाही.

त्या रात्री गोमतीनगरातून निघताना यजमानांनी डबी माझ्यापुढे केली. "एक घेऊन तर बघा." मी नको म्हटले आणि त्यांना विचारले, चौकातली भांग कधी घेतली आहे का? ते हसले, थोडे ओशाळले. म्हणाले, तरुणपणी होळीला, वडिलांच्या नकळत. कशी होती? "उससे अच्छी थी," त्यांनी डबीकडे बोट दाखवले आणि झाकण लावून टाकले.

भांगेत तुळस उगवली की आपण कौतुक करतो. पण तुळस ठरवणारे आपण, भांग ठरवणारे आपण, आणि उपटून फेकायचे काय तेही आपणच ठरवतो. पुष्पक एक्सप्रेस आजही खांडव्यावरून जाते. मोहोळचे दोन एकर अजून तिथेच आहेत. त्या अर्जाला उत्तर द्यायचे राहिले आहे.